खोक्यातली अन्नपूर्णा

घरात एखादी मोठी वस्तू यायची म्हटली, की आपण मध्यमवर्गीय माणसे दोन जागी हात आखडता घेतो. एक, जे पाहुण्यांना दिसत नाही तिथे. आणि दुसरे, ज्याचे नाव आपल्याला धड उच्चारता येत नाही तिथे. दिवाणखान्याला रंग उंची लावायचा आणि भिंतीतली वायर मात्र वायरमन आणील ती, हा शिरस्ता घरोघर आहे. सुटे भाग आणून गेमिंगचा कॉम्प्युटर घरीच जुळवायचा, हे वेड हल्ली कॉलेजातल्या मुलामुलींत चांगलेच रुजले आहे. वेड म्हणतो ते कौतुकाने, कारण त्या निमित्ताने हातात स्क्रू-ड्रायव्हर तरी येतो. पण तिथेही हाच शिरस्ता चालतो. त्या कॉम्प्युटरात न दिसणारा आणि नावही नीट नसलेला असा एकच भाग आहे, आणि दिवाळीच्या खरेदीत सगळ्यात जास्त हेळसांड त्याचीच होते. म्हणून यंदा मिक्सर आणि गीझर बाजूला ठेवून त्याच्याविषयीच लिहितो.

त्याचे पूर्ण नाव स्विच मोड पॉवर सप्लाय. लॅमिंग्टन रोडवरचा दुकानदार त्याला एस.एम.पी.एस. म्हणतो, मुले पी.एस.यू. म्हणतात, वस्तू एकच. पेढ्यांच्या खोक्याएवढी लोखंडी पेटी, तिला एक पंखा आणि एका बाजूने निघालेला तारांचा झुबका. भिंतीतून येणारी वीज २३० व्होल्टची आणि सेकंदाला पन्नास आवर्तने घेणारी. प्रोसेसरला आणि ग्राफिक्स कार्डाला ती तशी चालत नाही. त्यांना हवी एकाच दिशेने वाहणारी आणि सौम्य : १२ व्होल्ट, ५ व्होल्ट आणि ३.३ व्होल्ट. हे रूपांतर करायचे, ज्याला जेवढी हवी तेवढी त्या क्षणी वाढायची, आणि काही विपरीत घडले तर स्वतः बंद पडून बाकीच्यांना वाचवायचे, एवढी तीन कामे ही पेटी करते. तिच्यामुळे खेळ मात्र तसूभरही जलद होत नाही. त्यामुळे यादीला कात्री लावायची वेळ आली, की पहिली कात्री तिलाच लागते.

गेल्या महिन्यात माझ्या भाचीची यादी पाहण्यात आली. ती पुण्याला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन वर्षे आठवी-नववीच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन तिने पैसे साठवले, त्यात आमच्या मेव्हण्यांनी थोडी भर घातली. प्रोसेसर रायझन ५ ५६००, ग्राफिक्स कार्ड रेडिऑन आर.एक्स. ६६००. दोन्ही आजच्या घडीला मागच्या पिढीचे, पण पैशाच्या मानाने शहाणपणाची निवड. मदरबोर्ड, रॅम, सगळे तीन-तीन दुकानांत विचारून लिहिलेले. आणि शेवटची ओळ अशी : 'काचेचे कॅबिनेट, सहा रंगीत पंख्यांसह, त्यासोबत ४५० वॉटचा एस.एम.पी.एस. फुकट.'

मी त्या ओळीवर बोट ठेवले, तशी ती म्हणाली, “मामा, या कार्डाला निदान ४५० वॉटचा पाहिजे असं कंपनीच सांगते. मग चुकलं कुठे?”

तिचे म्हणणे खरे होते. कंपनी तसेच सांगते. यादीतला आकडा कंपनीच्या आकड्याशी तंतोतंत जुळत होता, आणि खरी फसगत होते ती अशीच. मी तिला दुकानातून त्या पेटीच्या बाजूच्या चिठ्ठीचा फोटो मागवायला सांगितले. वाचकहो, साऱ्या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही चिठ्ठी. पेटीवर ठळक अक्षरांत छापलेला वॉटचा आकडा दुकानदारासाठी असतो. आपल्यासाठी असतो तो बाजूचा बारीक अक्षरांतला तक्ता. त्यात तीन व्होल्टेजच्या ओळी असतात आणि प्रत्येकीपुढे अँपिअरचा आकडा असतो. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट, हे आपण सातवी-आठवीत शिकलो आणि परीक्षेनंतर परत केले.

फोटो आला. ३.३ व्होल्टपुढे २० अँपिअर, ५ व्होल्टपुढे २२ आणि १२ व्होल्टपुढे १४. गुणाकार करा. पहिल्या ओळीचे ६६ वॉट, दुसरीचे ११०, तिसरीचे १६८. तिन्हींची बेरीज ३४४. म्हणजे छापलेले ४५० वॉट त्याच पेटीच्या स्वतःच्या तक्त्यातसुद्धा सापडत नाहीत! आणि खरी गंमत पुढेच आहे. आजच्या कॉम्प्युटरातली दोन खादाड माणसे, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, जेवतात ती जवळजवळ सगळी १२ व्होल्टच्या पंक्तीला. आर.एक्स. ६६०० चा ठरलेला आहार १३२ वॉटचा. रायझन ५ ५६०० पूर्ण कामाला लागला की ८८ वॉटपर्यंत जातो. दोघांचे झाले २२०, आणि वाढप्याच्या हाती १६८. बाकीच्या दोन पंक्तींत भांडी भरून पडली आहेत, पण तिथे जेवायला कोणी फारसे नाही.

असे का, त्याला थोडा इतिहास आहे. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचे कॉम्प्युटर मुख्यतः ५ आणि ३.३ व्होल्टवर चालत, आणि तेव्हाच्या पेट्या त्याच मापाने बांधलेल्या असत. पुढे प्रोसेसरची भूक वाढली. २००० साली इंटेलने आराखडा बदलून प्रोसेसरसाठी १२ व्होल्टची चार पिनांची स्वतंत्र तार आणली, आणि तेव्हापासून सगळा भार हळूहळू १२ व्होल्टकडे सरकला. स्वस्त पेट्या करणाऱ्यांनी मात्र जुनेच नकाशे गिरवणे चालू ठेवले. बाहेरचा आकडा तेवढा वाढवत नेला. चांगल्या ५५० वॉटच्या पेटीची चिठ्ठी पाहा. तिथे १२ व्होल्टपुढे चाळीसच्या वर अँपिअर लिहिलेले आढळतील, म्हणजे जवळजवळ सगळे वॉट त्याच ओळीत.

“पण दुकानदार म्हणतो, त्यानं अशीच दहा मशिनं दिली, एकही परत आलं नाही.” भाचीचा दुसरा मुद्दा. तेही खरे असेल. ऑफिसच्या पत्रव्यवहाराला आणि शाळेच्या प्रकल्पांना अशी पेटी वर्षानुवर्षे पुरते, कारण तिथे वेगळे ग्राफिक्स कार्डच नसते. खेळ चालू झाला की मात्र तासन् तास पूर्ण भार पडतो. मग अधूनमधून कॉम्प्युटर आपोआप बंद पडू लागतो. हा झाला सभ्य शेवट. असभ्य शेवट आमच्याच इमारतीतल्या एका मुलाच्या वाट्याला आला. त्याच्या पेटीत जास्तीचे व्होल्टेज रोखणारी व्यवस्थाच नव्हती. पेटी गेली ती मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क बरोबर घेऊन गेली. मदरबोर्ड नवा आला. डिस्कवर त्याच्या आजीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केलेल्या होत्या, आणि आजी आदल्या वर्षीच गेल्या होत्या. दुसरी प्रत कुठेच नव्हती. सोबत फुकट आलेल्या पेटीची ती किंमत.

इथवर ऐकून आमचे मेव्हणे एकदम दुसऱ्या टोकाला गेले. “मग साडेआठशेचाच घेऊन टाकू. एकदाच काय तो खर्च.” लग्नाच्या हॉलपासून प्रेशर कुकरपर्यंत प्रत्येक वस्तू एक माप मोठी घ्यायची, हा त्यांचा बाणा. मी म्हटले, “भावजी, हिशेब करू.” कार्ड आणि प्रोसेसर मिळून २२०; मदरबोर्ड, रॅम, डिस्क आणि पंखे यांना सढळ हाताने ५० धरा; झाले २७०. पण एवढ्यावर भागत नाही. ग्राफिक्स कार्ड एखाद्या क्षणी, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागापुरते, आपल्या ठरलेल्या आहाराच्या बरेच वर उडी मारते. हा प्रकार इतका वाढला, की २०२२ साली आलेल्या ए.टी.एक्स. ३.० या आराखड्यात अशा उड्या सोसण्याचे नियमच घालावे लागले. शिवाय उद्या कार्ड बदलावेसे वाटेल. म्हणून सव्वादोनशे-अडीचशे वॉटची मोकळीक ठेवावी, आणि ती साधारण ५५० वॉटला मिळते. साडेआठशेचे उरलेले तीनशे वॉट भाचीच्या हातून कधी खर्च व्हायचे नाहीत. तेच दोन-तीन हजार रुपये डिस्क मोठी घ्यायला उपयोगी पडतील.

ताईचा प्रश्न सगळ्यांत सरळ होता. “साडेपाचशे वॉटचं म्हणजे बिल किती येईल?” हा प्रश्न मला पत्रांतूनही विचारला जातो, म्हणून सांगतो. ५५० हा पेटीचा खर्च नव्हे, तिची ताकद आहे. पाचशे पानांची तयारी असलेला आचारी, शंभर पाने बसली तर शंभरच वाढतो. बिल येते ते बसलेल्या पानांचे. मात्र वाढताना थोडे सांडते. ते किती सांडते, हे सांगणारा शिक्का म्हणजे '८० प्लस'. अमेरिकेत २००४ साली ही पद्धत सुरू झाली. पेटीवर २०, ५० आणि १०० टक्के भार टाकून पाहतात, आणि भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी निदान ८० टक्के पुढे पोहोचली तर साधा शिक्का मिळतो. त्याच्या वर ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड अशी चढती भाजणी. अर्ध्या भाराला ब्रॉन्झ ८५ टक्के, गोल्ड ९० टक्के. हे आकडे तिकडच्या ११५ व्होल्टचे. आपल्या २३० व्होल्टवर पेट्या किंचित बऱ्याच वागतात.

आता ताईसाठी हिशेब. आत २५० वॉट लागत असतील, तर ब्रॉन्झ पेटी भिंतीतून सुमारे २९४ वॉट ओढील आणि गोल्ड २७८. फरक सोळा वॉटचा. रोज तीन तास, वर्षाचे ३६५ दिवस खेळले (आणि तेवढे खेळू दिले!) तर वर्षाला अठराएक युनिट. दहा रुपये युनिट धरले तर एकशे ऐंशी रुपये. एवढ्यासाठी गोल्डला दीड-दोन हजार जास्त मोजावेत असे मला वाटत नाही. बेताच्या पैशांत ब्रॉन्झ उत्तम. एक मात्र ध्यानात असू द्या, हा शिक्का काटकसरीचा आहे, सुरक्षिततेचा नव्हे. जास्त व्होल्टेज, जास्त प्रवाह, शॉर्ट सर्किट आणि अति तापमान यांपासून संरक्षण आहे की नाही, ते खोक्यावर वेगळे लिहिलेले असते, ते वाचावे. वॉरंटी किती वर्षांची ते विचारावे. फुकट पेटीची एक वर्ष, बऱ्या पेटीची तीन ते पाच वर्षे. कारखानदाराचा स्वतःच्या मालावर किती विश्वास आहे, हे त्याच्या जाहिरातीपेक्षा या आकड्यावरून लवकर कळते.

पैशांची तोंडमिळवणी कशी झाली ते सांगायला हवे, कारण उपदेश करणारा मामा आणि पैसे मोजणारी भाची यांच्यात फरक असतो. ब्रॉन्झ ५५० ला चार हजारांच्या आसपास लागत होते, आणि यादीत तिथे शून्य होते. वडिलांकडे पुन्हा मागायला ती तयार नव्हती. शिकवण्यांच्या पैशांचा तिला अभिमान आहे. शेवटी रंगीत पंख्यांचे काचेचे कॅबिनेट गेले आणि त्या जागी पुढून जाळीचे, साधे काळे कॅबिनेट आले. ते तिने फार नाराजीने मान्य केले. मैत्रिणींच्या कॉम्प्युटरांतून आकाशकंदिलासारखे रंग फिरतात आणि हिचा काळा ठोकळा! मला तिची नाराजी समजते. त्या वयात ते रंग म्हणजे चैन नसते, प्रतिष्ठा असते. पण जाळीतून हवा खेळते, आणि हवेचे महत्त्व आपल्या हवामानात फार. या पेट्यांतले कपॅसिटर उष्णतेने म्हातारे होतात. दहा अंश तापमान कमी राहिले तर त्यांचे आयुष्य साधारण दुप्पट होते, असा ठोकताळा आहे. काही पेट्यांचे वॉट २५ अंश तापमानावर मोजलेले असतात, काहींचे ४० वर, बऱ्यांचे ५० वर. नागपूर-चंद्रपूरकडच्या वाचकांनी हा बारीक मजकूर अवश्य शोधावा. त्यांच्याकडे मे महिन्यात पंचवीस अंश फक्त माठातल्या पाण्याला ठाऊक.

जोडणीच्या वेळची एक युक्ती दुकानात हमखास सुचवली जाते, तिच्यापासून मात्र सावध. स्वस्त पेटीला ग्राफिक्स कार्डाची आठ पिनांची तार नसतेच. मग दुकानदार दहा-वीस रुपयांचा जोड देतो : एका टोकाला डिस्कची साटा पिन, दुसऱ्या टोकाला आठ पिना. आठ पिनांच्या जोडाकडून कार्ड १५० वॉटपर्यंत मागू शकते. साटाच्या जोडात १२ व्होल्टच्या तीन पिना, दर पिनेला दीड अँपिअर, म्हणजे सगळे मिळून ५४ वॉट. पुढे काय होते ते प्लॅस्टिकच्या वासावरून कळते. तार पेटीतूनच निघालेली हवी. प्रोसेसरची आठ पिनांची तार आणि कार्डाची आठ पिनांची तार दिसायला जुळ्या बहिणी, पण त्यांच्यात १२ व्होल्टची बाजू उलट असते. म्हणून बसत नसेल तर जोर लावू नये. ज्या पेट्यांच्या तारा सुट्या निघतात, त्यांच्या तारा दुसऱ्या पेटीला कधीही लावू नयेत, कंपनी तीच असली तरी. आणि मागे ११५ व २३० असे लिहिलेले लाल बटण असेल, तर ते २३० वरच राहू द्यावे. लहान मुलांच्या बोटांना ते बटण फार आवडते. पेटी उघडून आत हात घालणे तर नकोच. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट काही काळ दबा धरून असतात.

आता भिंतीकडे वळू. जुन्या वाड्यांतून आणि चाळींतून मला एक तक्रार नेहमी येते : कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, एस.एम.पी.एस. खराब आहे का? बहुतेक वेळा पेटी निर्दोष असते, सॉकेटचे तिसरे भोक नुसते शोभेचे असते. पेटीच्या तोंडाशी विजेतला गोंधळ गाळण्यासाठी दोन लहान कपॅसिटर असतात आणि ते पेटीच्या लोखंडाला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर तो किरकोळ प्रवाह जमिनीत जातो. नसेल तर लोखंडावर मुख्य विजेच्या निम्मे, म्हणजे शे-सव्वाशे व्होल्ट तरंगत राहतात. प्रवाह अगदी थोडा, पण ही सूचना आहे : उद्या खरोखर काही बिघडले तर त्या विजेला तुमच्या अंगातूनच वाट आहे. वायरमन बोलावून अर्थिंग तपासून घ्यावे. नळाच्या पाइपाला तार गुंडाळून अर्थिंग झाले असे मानणारे महाभाग अजून आहेत. वरच्या मजल्यावर कोणी आंघोळ करीत असते, एवढे तरी त्यांनी आठवावे.

यू.पी.एस.चेही तसेच. घरोघरी जो ६०० व्ही.ए.चा डबा असतो, तो बहुधा ३६० वॉटचाच असतो. भाचीचा कॉम्प्युटर भरात आला की भिंतीतून सव्वातीनशे वॉटच्या घरात जाईल, वर मॉनिटरचे पंचवीस-तीस. म्हणजे डबा अगदी काठोकाठ. तिला हजार व्ही.ए.च्या पुढचा सांगितला आहे, पण तो पुढच्या वर्षी, शिकवण्यांच्या नव्या पैशांतून. तोवर घरातल्या इन्व्हर्टरचे बटण 'यू.पी.एस.' या खुणेवर ठेवायचे, म्हणजे वीज गेल्यावर बदल चटकन होतो. काही चांगल्या पेट्यांचे स्वस्त यू.पी.एस.च्या ओबडधोबड लहरींशी पटत नाही, म्हणून घेण्यापूर्वी दोन्हींची दुकानातच गाठ घालून द्यावी. दुकानदार कुरकुर करील, करू द्यावी.

पाडव्याला जोडणी आहे. पेटी आणली तेव्हा बिलावर तिचा नंबर लिहून घ्यायला मी सांगितले होते, आणि तो लिहून मिळाला. पण बिल त्या गुळगुळीत कागदावरचे, वर्षभरात कोरे होणारे. आणि वॉरंटी पाच वर्षांची. ताईने त्याच दिवशी त्याची झेरॉक्स काढली आणि गॅसच्या पुस्तकात ठेवून दिली.